'कृष्णाकाठ' : बंडखोराचे चरित्र, राज्यकर्त्याची वाणी

यशवंतराव बळवंतराव चव्हाण यांनी आपले आत्मचरित्र तीन खंडांत लिहावयाचे योजिले होते. पहिल्या खंडाला त्यांनी कृष्णेचे नाव दिले; दुसरा मुंबईच्या सागराच्या आणि तिसरा दिल्लीच्या यमुनेच्या नावाने व्हावयाचा होता. 'कृष्णाकाठ' १९८४ साली प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला यशवंतराव निवर्तले. उरलेले दोन खंड लिहिले गेलेच नाहीत. देवराष्ट्रे येथे १२ मार्च १९१३ रोजी झालेल्या जन्मापासून निघालेले हे निवेदन १९४६ साली, मुंबई सरकारातील पार्लमेंटरी सेक्रेटरीच्या पदावर रुजू होण्यासाठी लेखक कऱ्हाड सोडतो, तेथे थांबते. म्हणजे ज्या क्षणी बंडखोराचा राज्यकर्ता व्हावयाचा, त्याच क्षणी ग्रंथ मिटतो.

या योगायोगाचे वाङ्मयीन परिणाम आपल्या समीक्षेने पुरेसे ध्यानी घेतलेले नाहीत, असे प्रस्तुत लेखकास वाटते. 'कृष्णाकाठ' हा एका तरुण सत्याग्रहीचा वृत्तांत म्हणून वाचला जातो. परंतु तो लिहिणारा तरुण नव्हता, सत्याग्रहीही नव्हता. मुख्यमंत्रिपद, मग केंद्रात संरक्षण, गृह, अर्थ आणि परराष्ट्र ही खाती आणि पुढे काही काळ उपपंतप्रधानपद, इतके सारे मागे टाकून आलेल्या सत्तरीच्या गृहस्थाची ही लेखणी आहे. ग्रंथाचा विषय बंड आहे; वाणी राज्यकर्त्याची आहे. या दोहोंमधील ताण नेमका कोठे जाणवतो, हे भाषेच्या अंगाने पाहावे, एवढाच या टिपणाचा हेतू.

बंडखोराने राज्यकर्ता होणे ही विसाव्या शतकाची खास घटना होय, आणि तिचा पहिला धडा मराठी वाचकाने आयर्लंडपासून घेतला. न. चिं. केळकरांनी आयर्लंडचा इतिहास मराठीत आणला होता. टिळकांनी एप्रिल १९१६ मध्ये बेळगावला आपला होमरूल संघ काढला तेव्हा त्यांनी आयर्लंडचाच शब्द भाषांतर न करता उचलला. आणि त्याच महिन्यात डब्लिनमध्ये ईस्टरचा उठाव होऊन तो शब्द खुद्द आयर्लंडात शिळा झाला, हा इतिहासाचा एक विनोदच म्हणावयाचा. त्या उठावात एका तुकडीचे नेतृत्व करणारा आणि देहान्ताची शिक्षा रद्द झाल्याने वाचलेला एमन डी व्हॅलेरा पुढे १९३२ पासून आयर्लंडचा शासनप्रमुख आणि १९५९ ते १९७३ या काळात राष्ट्राध्यक्ष झाला. त्याने आत्मचरित्र लिहिले नाही. लाँगफर्ड व ओ'नील यांनी लिहिलेले अधिकृत चरित्र १९७० साली निघाले, ते त्याच्या हयातीतच. परंतु 'मी' म्हणून त्याने आपल्या वाटचालीचा ग्रंथ मागे ठेवला नाही. यशवंतरावांनी अर्धा ठेवला, आणि तोही नेमका सोपा अर्धा.

'सोपा' हा शब्द कोणास खटकेल. तुरुंगवास सोपा नसतो, भूमिगताचे जिणे त्याहून नसते. येथे अभिप्रेत आहे ते निवेदनाचे सोपेपण. बंडखोराला आपली भाषा शोधावी लागत नाही. सरकार समोर उभे असते, आणि त्याच्या विरोधात उच्चारलेला प्रत्येक 'आम्ही' आपोआप अर्थपूर्ण होतो.

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत: श्रोत्याला वगळणारे 'आम्ही' आणि श्रोत्याला सामावून घेणारे 'आपण'. हा भेद मराठीच्या दक्षिणेकडील द्राविडी शेजाराचा परिणाम मानला जातो. इंग्रजीत तो नाही, आयरिशमध्येही नाही. व्याकरणाच्या पाठ्यपुस्तकात आपण तो दोन ओळींत उरकतो; परंतु राजकीय वाङ्मयाच्या अभ्यासकाला त्याच्याइतके उपयोगी हत्यार क्वचितच मिळेल. बंड 'आम्ही'त चालते. राज्य 'आपण'मध्ये चालवावे लागते.

'कृष्णाकाठा'तील 'आम्ही' हा प्रथम घरचा आहे. वडील लहानपणीच गेले. आई विठाबाईंनी मुले वाढविली. निरक्षर आईच्या तोंडच्या ओव्या आणि मोठ्या भावाने आणलेली सत्यशोधक चळवळीची हवा यांत हा 'आम्ही' घडतो. पुढे तो कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलातील मित्रांचा होतो, नंतर तुरुंगातील सोबत्यांचा. शाळेत शिक्षकांनी कोण होणार असे विचारले असता इतर मुलांनी थोरामोठ्यांची नावे लिहिली आणि या मुलाने 'मी यशवंतराव चव्हाण होणार' असे लिहिले, हा प्रसंग महाराष्ट्रात इतका सांगितला गेला आहे की त्याची दंतकथा झाली आहे. तो प्रसंग 'मी'चा आहे म्हणूनच लोकप्रिय झाला. ग्रंथाचे खरे बळ मात्र त्यात नाही. ते १९३२ सालच्या अटकेनंतरच्या प्रसंगात आहे. माफी मागितल्यास मुलगा सुटेल असे सुचविले जाते आणि आई ती माफी नाकारते. अठरा महिन्यांच्या शिक्षेच्या दाराशी उभा असलेला मुलगा तेथे जवळजवळ गप्प आहे. त्याच्या वतीने बोलते ती आई. 'आम्ही' म्हणजे कोण, याचे याहून चोख उत्तर ग्रंथात दुसरे नाही.

तुरुंगाची प्रकरणे वाचताना जाणवते की लेखकाला तेथील कष्टांपेक्षा तेथील वाचनाची आठवण अधिक गोड वाटते. विसापूर आणि येरवडा येथे आचार्य भागवतांसारख्यांच्या सहवासात संस्कृत काव्यापासून समाजवादापर्यंत सारे कानांवरून गेले. पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचे आकर्षण, आणि महायुद्धात ब्रिटिशांना साहाय्य करावे या रॉय यांच्या भूमिकेमुळे आलेला दुरावा, हेही त्यांनी मोकळेपणाने सांगितले आहे. मतांतरे सांगताना इतका समतोल राखणारा आत्मचरित्रकार मराठीत विरळा. पण हा समतोल विशीतल्या कार्यकर्त्याचा असू शकत नाही. ज्याने पुढे आयुष्यभर मंत्रिमंडळाच्या बैठकांत दोन बाजूंचे ऐकून घेतले, त्याने तो मागे नेऊन त्या कार्यकर्त्याच्या तोंडी घातला आहे. वाचकाने सावध व्हावे ते येथे.

सर्वांत अधिक सावधगिरी १९४२ च्या प्रकरणांत हवी. ऑगस्ट आणि सप्टेंबर १९४२ मध्ये सातारा जिल्ह्यात मामलेदार कचेऱ्यांवर मोर्चे निघाले: कऱ्हाड, पाटण, तासगाव, वडूज, इस्लामपूर. वडूज आणि इस्लामपूर येथे गोळीबार होऊन माणसे पडली. यशवंतराव या संघटनेत आघाडीवर होते, भूमिगत होते. पत्नी वेणूताई लग्नानंतर अवघ्या काही महिन्यांत तुरुंगात गेल्या. १९४३ मध्ये आजारी वेणूताईंना भेटावयास फलटणला गेले असता ते पकडले गेले. त्यामुळे नाना पाटील, किसन वीर, नागनाथअण्णा नायकवडी, जी. डी. लाड यांच्या नावांशी निगडित असलेले प्रतिसरकार जेव्हा भरात आले, तेव्हा यशवंतराव बहुतांशी गजाआड होते. हे तथ्य आहे, निमित्त नव्हे. तरीही ग्रंथातील संयम केवळ गैरहजेरीने स्पष्ट होत नाही.

याच संदर्भात एका शब्दाकडे लक्ष वेधतो. कार्यकर्त्यांनी 'प्रतिसरकार' म्हटले. लोकांच्या तोंडी ते 'पत्री सरकार' झाले. ध्वनींची अदलाबदल म्हणून हे अगदी साधे उदाहरण आहे. परंतु लोकांनी त्या चुकीला ताबडतोब अर्थ चिकटविला: फितुरांच्या पायांना पत्रे ठोकणारे ते पत्री सरकार. शास्त्रात याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. सुशिक्षित शब्दात सत्तेचा पर्याय होता, लोकांच्या शब्दात सत्तेचा धाक होता. आणि टिकला तो लोकांचा शब्द. आयर्लंडातही १९१९ ते १९२१ या काळात समांतर न्यायालये चालली, साताऱ्याच्या न्यायदान मंडळांशी त्यांची तुलना नेहमी केली जाते. पण ज्या सरकारचे नावच लोकांनी आपल्या जिभेने बदलून घेतले, असे उदाहरण मला तेथे आढळलेले नाही. गृहखाते सांभाळून आलेल्या लेखकाला 'प्रति' आणि 'पत्री' यांतील अंतर किती अवघड वाटले असेल, याची कल्पना करता येते. 'कृष्णाकाठ' त्या अंतराच्या अलीकडच्या तीरावरच राहतो.

ग्रंथ संपल्यानंतरचे आयुष्य ध्यानात घेतल्याखेरीज ग्रंथाचा सूर कळत नाही, म्हणून उंबरठ्यापलीकडे थोडे जाणे भाग आहे. आयर्लंडच्या इतिहासात हा उंबरठा एका शब्दावर उभा होता. १९१९ च्या स्वातंत्र्यघोषणेत 'प्रजासत्ताक' या अर्थी 'सॉरस्टाट' हा आयरिश शब्द वापरला होता. त्याचे अक्षरशः भाषांतर 'मुक्त राज्य' असेही होते. १९२१ च्या तहाने इंग्रजांनी नेमके हे दुसरे भाषांतर उचलले, आणि प्रजासत्ताकाऐवजी राजनिष्ठेच्या शपथेसह मुक्त राज्य दिले. मायकेल कॉलिन्सचे म्हणणे असे की हे अंतिम स्वातंत्र्य नसले तरी ते मिळविण्याची मोकळीक आहे. डी व्हॅलेराने तह नाकारला. १९२२-२३ चे यादवी युद्ध त्यातून पेटले आणि कॉलिन्स त्यात मारला गेला. पाच वर्षांनी, १९२७ मध्ये, डी व्हॅलेरा त्याच शपथेच्या वहीत सही करून संसदेत गेला. ती शपथ नसून पोकळ औपचारिकता आहे असे त्याने जाहीर केले. शब्दासाठी युद्ध करावयाचे आणि पुढे शब्दालाच पोकळ ठरवावयाचे, या विसंगतीने त्याचा पाठलाग अखेरपर्यंत केला.

आपल्याकडे यशवंतरावांची तुलना करावयाची झाल्यास ती डी व्हॅलेराशी करण्याचा मोह होतो, कारण दोघेही दीर्घायुषी आणि दोघेही उच्चपदस्थ. माझ्या मते ही तुलना चुकीची आहे. १९५५-५६ मध्ये मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र नाकारला गेला, गोळीबारात माणसे मेली, आणि त्या वेळी संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरूंचे नेतृत्व यांत निवड करावयाची तर आपण नेहरूंच्या बाजूने, अशी भूमिका यशवंतरावांनी उघडपणे घेतली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची धूळधाण उडाली आणि खुद्द त्यांना कऱ्हाडला निसटता विजय मिळाला. त्यांनी राजीनामा दिला नाही. आत राहून, द्वैभाषिक चालत नाही हे दिल्लीला पटवून, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र मिळविला. हा कॉलिन्सचा मार्ग होय: अपुरे स्वीकारावयाचे आणि पुऱ्याकडे जावयाचे. तह नाकारणाऱ्या डी व्हॅलेराच्या जागी आपल्याकडे एस. एम. जोशी, अत्रे, डांगे आणि खुद्द नाना पाटील दिसतात. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की येथे कॉलिन्स जगला आणि विरोधकांनी मतपेटीखेरीज दुसरे शस्त्र हाती घेतले नाही. साताऱ्याचे जुने सोबती समोरासमोर उभे राहिले, पण एकमेकांवर बंदुका रोखून नव्हे.

या वळणाविषयी यशवंतरावांनी स्वतः सविस्तर लिहिले असते तर मराठी आत्मचरित्राला एक अपूर्व प्रकरण लाभले असते. ते नाही. 'सह्याद्रीचे वारे' या भाषणसंग्रहाकडे त्यासाठी वळावे लागते, आणि भाषण म्हणजे आत्मकथन नव्हे.

व्यासपीठावर 'आम्ही' चालत नाही. तेथे 'आपण' लागतो. महाराष्ट्राच्या स्थापनेच्या सुमारास ग. त्र्यं. माडखोलकरांनी विचारलेला प्रश्न सर्वश्रुत आहे: हे राज्य मराठी की मराठा? एका स्वराचा हा फरक. 'आ'काराने जात सूचित होते, 'ई'काराने भाषा. हे राज्य मराठी जनतेचेच राहील, असे यशवंतरावांनी जाहीर उत्तर दिले आणि 'आपण'ची व्याप्ती भाषेच्या सीमेपर्यंत नेली. त्याला अनुसरून पुढे बरेच घडले: १९६० मध्ये भाषा संचालनालय आणि साहित्य संस्कृती मंडळ, १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, त्याच वर्षीचा औद्योगिक विकास अधिनियम. ज्या कचेऱ्यांवर १९४२ मध्ये झेंडा लावावयाचा होता, त्यांच्या शेजारी वीस वर्षांनी लोकांनी निवडलेली सभागृहे उभी राहिली. 'बेरजेचे राजकारण' हा त्यांच्या नावाशी कायमचा जोडला गेलेला शब्दप्रयोगही 'आपण'चीच व्याख्या होय. बेरजेत कोणी वगळला जात नाही. मात्र बेरजेत हातचा कोणाचा धरला, हेही विचारावे लागते.

परिभाषेतही हे दिसते. राज्य मराठीत चालावयाचे ठरल्यावर 'सरकार' या फारसी शब्दाच्या जागी 'शासन' आले. डी व्हॅलेराने १९३७ च्या राज्यघटनेत शासनप्रमुखाला 'टीशख' हे जुने आयरिश नाव दिले आणि दोन्ही पाठांत विसंगती आल्यास आयरिश पाठ प्रमाण मानावा अशी तरतूद केली. ती भाषा तो स्वतः मोठेपणी शिकला होता, आणि शिकविणारी शिक्षिका पुढे त्याची पत्नी झाली. यशवंतरावांना मराठी आईकडूनच मिळाली. परंतु शासनाची मराठी आईची नव्हती. 'शासन' या शब्दाला मराठीत 'शिक्षा' असाही अर्थ आहे, हे पदनामे बनविणाऱ्यांना अर्थातच ठाऊक होते. खेड्यापाड्यांत मात्र लोक आजही 'सरकार'च म्हणतात.

'आपण'ची कसोटी कोयनेच्या खोऱ्यात लागली. धरणाने पाटण तालुक्यातील गावे उठली. ज्या पाटणच्या कचेरीवर १९४२ मध्ये मोर्चा गेला होता तोच हा तालुका. वीज महाराष्ट्राची झाली, विस्थापन तेथील लोकांचे. पुढे धरणग्रस्तांच्या चळवळीत ते पुन्हा 'आम्ही' म्हणू लागले. व्याकरणाच्या दृष्टीने पाहता ही 'आपण'ने सामावून घेतलेल्यांची 'आम्ही'कडे परतण्याची क्रिया होय. कोयना कऱ्हाडला कृष्णेस मिळते आणि त्या प्रीतिसंगमावरच यशवंतरावांची समाधी आहे. हे टिपण ज्या सातपुरात बसून लिहिले जात आहे, तेथील औद्योगिक वसाहतही १९६१ च्या त्या अधिनियमाचेच अपत्य. येथील शेतांच्या जागी आलेल्या कारखान्यांनी नाशिकला पगार दिला, हे नाकारता येत नाही. जमीन देणारा आणि पगार घेणारा एकच होता की नाही, हे प्रत्येक घराला निरनिराळे विचारावे लागेल.

नाशिककराने येथे थोडी तक्रार करावी. कृष्णा, सागर आणि यमुना या योजनेत गोदावरी नाही. वस्तुतः नोव्हेंबर १९६२ मध्ये चीनच्या आक्रमणानंतर संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेलेल्या यशवंतरावांना लोकसभेत पाठविले ते नाशिकने, १९६३ मध्ये, बिनविरोध. ओझरचा विमान कारखाना त्यांच्याच कारकीर्दीतला. त्यांच्या नावाचे मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये उभे राहिले तेही गोदाकाठीच. बिनविरोध निवडणूक म्हणजे 'आपण'ची परमावधी. तेथे 'आम्ही' म्हणावयास कोणी उरतच नाही. कदाचित म्हणूनच तिच्यावर लिहिण्याजोगे थोडे असते.

उणिवांविषयी स्पष्ट लिहिले पाहिजे. अभ्यासकांची एक सवय अशी झाली आहे की उत्तरायुष्यातील प्रश्न उपस्थित झाले की 'कृष्णाकाठा'तील निर्मळपणाचा दाखला द्यावयाचा. १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला जाणे, १९७५ च्या आणीबाणीत मंत्रिमंडळात राहणे, यांची उत्तरे १९४६ साली संपणाऱ्या ग्रंथात शोधणे हे पद्धतीच्या दृष्टीने सदोष आहे. कुंपणावरचा पुढारी ही टीका खरी की खोटी, हा निराळा वाद. पण आईने माफी नाकारली हा त्या वादातील पुरावा होऊ शकत नाही. पूर्वार्धाने उत्तरार्धाची जामीनकी घ्यावी, हे चरित्रवाङ्मयात आपण फार सहज चालवून घेतो. उलट बाजूने पाहता, जो लेखक आपल्या तारुण्याकडे इतक्या थंड डोक्याने पाहू शकला, तो आपल्या सत्ताकाळाकडेही तसे पाहू शकला असता, असे मानण्यास ग्रंथात आधार आहे. रॉय यांच्यापासून दूर होण्याचे वर्णन हा तो आधार. ज्यांना सोडले त्यांच्याविषयी एकही कडू शब्द न लिहिता सोडण्याची कारणे सांगणे सोपे नाही.

ज्या विद्यार्थ्यांना या विषयावर काम करावयाचे असेल त्यांनी 'कृष्णाकाठ' आणि 'सह्याद्रीचे वारे' शेजारी ठेवून 'मी', 'आम्ही' आणि 'आपण' यांची नुसती मोजदाद करून पाहावी. मराठीत भूतकाळी सकर्मक क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. 'मी ठरविले' आणि 'आम्ही ठरविले' यांत क्रियापद तेच राहते, आणि कर्ता गाळला तर कोणी ठरविले ते कळतच नाही. कर्ता कोठे गाळला आहे तेही या मोजदादीत टिपून ठेवावे. राज्यकर्त्याची वाणी तेथे सापडण्याचा संभव अधिक.

आणि तिसरे एक पुस्तक जोडावे. परदेशच्या दौऱ्यांवरून यशवंतरावांनी वेणूताईंना लिहिलेली पत्रे त्यांच्या मृत्यूनंतर 'विदेश दर्शन' या नावाने संग्रहित झाली. वेणूताई १ जून १९८३ रोजी गेल्या. 'कृष्णाकाठ' प्रसिद्ध झाला तो त्याच्या पुढल्या वर्षी. या पत्रांत मंत्री असतो, परराष्ट्रांच्या राजधान्या असतात, राजकारणही असते. परंतु श्रोता एकच असतो, आणि तो घरचा असतो. तेथील 'आपण' दोघांचाच आहे.